आधीं खडक, मग वाळू

३४ वर्षें मुलांना शिकविल्यावर आपल्याला कोणी कांहीं शिकवील, अशी अपेक्षा मनुष्य सहसा ठेवीत नाहीं. निवृत्त शिक्षकाच्या अंगीं दोन खोडी हमखास उरतात : न विचारतां सल्ला देणें ही एक, आणि दिलेला सल्ला चुकला तरी तो मागें न घेणें ही दुसरी. ह्या दोन्ही आमच्या ठायीं पुरेपूर आहेत असें आमच्या घरांतील मंडळींचें जुनें मत असून, गेल्या ज्येष्ठ महिन्यांत घडलेल्या एका प्रकारानें तें आम्हांलाही मान्य करावें लागलें. प्रकार म्हटला तर क्षुल्लक. एका कांचेच्या टाकींतले चार दगड रात्रीं ढासळले, इतकाच. परंतु त्यांतून आम्हांस जें शिकावें लागलें तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

परभणी हें समुद्राचें गांव नव्हे. मुंबई येथून रस्त्यानें सुमारें ५०० किलोमीटर दूर. गंगाखेडावरून वाहणारी आमची गोदावरीही जाते ती पूर्वेच्या त्याहून दूरच्या समुद्राकडे. वैशाखांत पारा ४२-४३ अंशांवर चढतो, आणि वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नसतो. अशा ठिकाणीं आमच्या नातवानें घरांत समुद्र आणावयाचा घाट घातला. तो अकरावींत विज्ञान शिकतो. गोड्या पाण्यांतले मासे अनेकांकडे असतात. ह्याला खाऱ्या पाण्याची टाकी हवी होती, आणि तींत खडकांची रचना करून समुद्रतळाचा एक लहानसा कोपरा उभा करावयाचा होता.

घरांत ह्या प्रस्तावाचें स्वागत संमिश्र झालें. चिरंजीवांनीं खर्चाचा हिशेब मागितला. सूनबाईंनीं फरशी कोण पुसणार तें आधींच विचारून ठेविलें. आमच्या घरांतून मात्र मुख्य हरकत आली ती निराळीच : ज्या घरांत चार पिढ्यांत मासळी आली नाहीं, तेथें मासे पाहुणे म्हणून आणावयाचे, आणि त्यांचें खाणें नैवेद्याच्या दुधाशेजारीं ठेवावयाचें! आम्हीं मत्स्यावताराचा दाखला दिला, नातवानें कोरड्या गोळ्यांच्या खाण्याची बरणी बाहेरच्या खोलींत ठेवण्याचें वचन दिलें, आणि प्रस्ताव संमत झाला.

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी आली. नऊ घनफूट म्हणजे सुमारें २५५ लिटर. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी कांठोकांठ भरावयाची तर जवळजवळ ९ किलो मीठ लागावें. तें स्वयंपाकघरांतलें मीठ चालत नाहीं. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे समुद्रांतले इतर क्षारही प्रमाणांत असावे लागतात, व तसें तयार मिश्रण विकत मिळतें. आमच्या विंधणविहिरीचें पाणी जड, म्हणून गाळणयंत्राचें शुद्ध पाणी घेतलें. उन्हाळ्यासाठीं पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारे दोन लहान पंखे बसविले. कोरड्या हवेंत बाष्पीभवन झपाट्यानें होतें व पाणी थंड राहतें. परंतु वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाहीं. म्हणून रोज घटलेलें पाणी गोड्या पाण्यानेंच भरून काढावें लागतें. हा पाठ आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल, परंतु त्याचा घरांत उपयोग झालेला प्रथमच पाहिला.

आतां खडकांविषयीं. खडक हे टाकींत शोभेकरितां घालतात अशी आमची समजूत होती. तसें नाहीं. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया तयार होतो. तो त्यांस विष आहे. सच्छिद्र दगडांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्ती करतात, व ते त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व पुढें त्या मानानें निरुपद्रवी असें नायट्रेट करितात. म्हणजे खडक हें टाकीचें यकृतच म्हणावयाचें. आमच्या परसांत काळा पाषाण फुकट पडला होता, तो आम्हीं देऊं केला. पण तो पडला घट्ट, त्याच्या पोटांत जंतूंनीं राहावें कोठें? नातवानें कृत्रिम रीतीनें बनविलेले चुनखडीचे सच्छिद्र, कोरडे दगड मागविले, सुमारें ३० किलो.

ते बसवितांना आमचा आणि त्याचा मतभेद झाला. त्याचें म्हणणें, टाकीच्या तळाशीं प्लास्टिकची जाळी अंथरावी, तिच्यावर थेट दगड बसवावे, आणि मग त्यांच्या भोंवतीं वाळू ओतावी. आम्हांस हें अगदीं उलटें वाटलें. कांचेवर दगड ठेवावयाचा म्हणजे कांच फुटावयाचीच. खालीं वाळूची गादी असली तर भार सारखा वांटला जाईल, शिवाय दगड वाळूवर टेकलेला स्वाभाविक दिसेल. तो एवढेंच म्हणाला, “आजोबा, वाळू हलते.” आम्हीं म्हटलें, “समुद्रांत कोणी दगडाखालीं जाळी अंथरून ठेवली आहे काय?” बसलेली मंडळी हंसलीं. तो गप्प झाला. वडीलधाऱ्यांशीं वाद घालूं नये असें त्याला आम्हींच शिकविलें होतें. त्या शिकवणुकीचा फायदा त्या दिवशीं आम्हीं घेतला.

वाळू आधीं पडली. तीवर तीन दगड उभे राहिले व त्यांवर एक सपाट दगड आडवा बसला, जणूं देवळाचा दरवाजाच. दोन महिने तो उभा होता. शेजारचीं माणसें पाहावयास येत, आणि रचना कोणाची असें त्यांनीं विचारलें कीं आम्ही नातवाकडे बोट दाखवून शेवटीं “सल्ला आमचा,” असें जोडीत असूं.

पुढें त्यानें विदूषकमाशांच्या नारिंगी जोडीखेरीज गोबी जातीचा एक लहान मासा आणला. कोंकणांतल्या खाडीच्या चिखलांत उड्या मारणारी निवटी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना तिच्या ह्या दूरच्या भाऊबंदाचा चेहरा ओळखीचा वाटेल. तो तोंडांत वाळू भरी, दोन वीत दूर नेऊन टाकी, आणि पुन्हां येई. सकाळची संध्या आटोपली कीं आम्ही खुर्ची टाकून त्याचा उद्योग पाहत बसूं. अशा उद्योगी जीवाचें कौतुकही आम्हीं केलें. तो डावीकडच्या दगडाखालचीच वाळू उपसून काढीत आहे, हें आमच्या डोळ्यांना दिसत होतें. त्याचा अर्थ मात्र डोक्यांत शिरत नव्हता.

ज्येष्ठांतली रात्र. वीज गेलेली, म्हणून आम्ही जागेच होतों. दोनच्या सुमारास बाहेरच्या खोलींत दबका आवाज झाला आणि मागोमाग पाणी वाहूं लागल्याचा. कंदिलाच्या उजेडांत पाहतों तों दरवाजा कोसळलेला, आडव्या दगडाचें टोंक पुढच्या कांचेवर आदळून खालच्या कोपऱ्यांतून तडा गेलेला, आणि खारें पाणी फरशीवर पसरत चाललेलें. सर्वांनीं मिळून विदूषकमासे प्लास्टिकच्या टबांत हलविले. गोबी मासा दगडाखालीं सांपडून मेला होता. पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा भिजला; त्यांत आमच्या विद्यार्थिदशेपासूनची अमरकोशाची प्रत होती.

चिरंजीव थकलेले होते, रागावलेलेही होते. ते मुलाला म्हणाले, “दगड धड रचतां येत नाहींत, तर हे उद्योग करावेतच कशाला?” नातवानें एकवार आमच्याकडे पाहिलें. मग मान खालीं घालून तो फरशी पुसूं लागला. तो बोलला नाहीं. आणि आम्हीही बोललों नाहीं. आम्ही अमरकोशाचीं पानें सोडवीत बसलों होतों, आणि त्या वेळीं तेंच काम मोठें महत्त्वाचें आहे असें आम्हीं स्वतःला समजाविलें.

दुसरा सबंध दिवस तसाच गेला. पानें पंख्याखालीं वाळत होतीं व त्यांवर मिठाचे बारीक कण उठत होते. आपली चूक दुसऱ्याच्या पाटीवर लिहूं देणारा विद्यार्थी आमच्या वर्गांत असता, तर आम्हीं त्याला बांकावर उभा केला असता. मग हा न्याय साठी उलटलेल्या मास्तराला लागू कां नसावा? रात्रीं सर्व मंडळी पानांवर बसल्यावर आम्हीं सांगितलें, “वाळू आधीं पसरावी हा हट्ट आमचा होता. तो नको म्हणत होता.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. नंतर चिरंजीवांनीं विचारलें, “मग रात्रींच कां नाहीं सांगितलेंत?” ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. नातू मात्र म्हणाला, “आजोबा, मलाही आणखी जोरानें सांगतां आलें असतें.” त्याच्या आजीनें दोघांच्याही पानांत भात वाढला आणि तो विषय तेवढ्यावर संपविला.

टाकीची कांच बदलून आली, व तीन दिवस पाणी भरून ती गळत नाहीं ह्याची खात्री केली. ह्या खेपेस आम्ही विद्यार्थी व नातू गुरु असा क्रम ठरला. रचना प्रथम टाकीबाहेर करावयाची होती. त्यासाठीं टाकीच्या तळाचें माप आम्हीं फरशीवर खडूनें आंखून दिलें, आणि कांचेपासून चहूंबाजूंनीं चार बोटें सोडून आंत दुसरी रेघ काढली. त्या रेघेबाहेर दगड जावयाचा नाहीं, म्हणजे कांच पुसावयास हात फिरतो आणि पाणीही मागून खेळतें.

मग एकेक दगड. जो सर्वांत रुंद तो तळाला. प्रत्येक दगड खालच्याला तीन ठिकाणीं टेकला पाहिजे. दोन ठिकाणीं टेकलेला दगड डुलतो, तीन ठिकाणीं टेकलेला बसतो. तिवईचा हा नियम आम्हीं भूमितींत शिकविलेला आहे. दगड ठेवल्यावर हातानें हलवून पाहावयाचा. हलला तर चिकटवावयाचा नव्हे, फिरवून दुसऱ्या बाजूनें बसवावयाचा. आणखी एक गोष्ट नातवानें विचारली व आम्हीं सांगितली, तेवढाच आमचा मान राहिला : पाण्यांत बुडालेला दगड आपण सारलेल्या पाण्याइतका हलका होतो. भरीव चुनखडीचा दगड पाण्यांत आपल्या भाराचा तिसरा हिस्सा तरी गमावतो. म्हणून जमिनीवर केवळ स्वतःच्या भारानें घट्ट वाटणारी रचना पाण्यांत तितकी घट्ट राहत नाहीं.

ह्याच जिल्ह्यांत, जिंतूर तालुक्यांत, चारठाणें म्हणून गांव आहे. तेथील यादवकालीन हेमाडपंती देवळें आम्हीं शाळेच्या सहलींतून कित्येकदां मुलांस दाखविलीं. चुन्यावांचून नुसता दगडावर दगड घडवून बसविलेला. तो शेंकडों वर्षें उभा आहे तो चिकटून नव्हे, बैठकीनें. हें आम्ही दर वर्षीं मुलांना सांगत असूं. तीच गोष्ट आपल्या घरांतल्या चार फुटांच्या टाकींत लागू पडते, हें मात्र सुचलें नाहीं.

बैठक जमल्यावरच जोडणी. वरच्या दोन दगडांना गिरमिटानें भोंकें पाडून त्यांत अॅक्रिलिकच्या कांड्या घातल्या. धातूची कांडी वर्ज्य; लोखंड गंजतें, आणि तांबें तर कणभर सुटलें तरी शंखशिंपल्यांसारख्या बिनकण्याच्या जीवांना मारक ठरतें. सांध्यांत दोन भाग मळून एकजीव करावयाची इपॉक्सी लांबी भरली. ती पाण्याखालींही कठीण होते. सिमेंटनेंही दगड जोडतां येतात, पण ताजें सिमेंट पाण्याचा क्षारपणा फार वाढवितें. तें कांहीं आठवडे पाण्यांत ठेवून, पाणी पुन्हां पुन्हां बदलून मुरवावें लागतें. तेवढा धीर आम्हां दोघांतही नव्हता. शेवटीं तळाला जाळी, तीवर जोडलेले दगड, आणि सर्वांत शेवटीं त्यांच्या भोंवतीं वाळू. आतां कोणत्याही माशानें कांचेपर्यंत वाळू उपसली तरी दगड जागचा हलावयाचा नाहीं, कारण तो वाळूच्या भरंवशावर उभाच नाहीं.

रचनेंत नातवानें दोन सपाट कट्टे मुद्दाम राखले होते, ते प्रवाळांकरितां. प्रवाळ म्हणजे पोवळें इतकेंच आपल्या घरांतून ठाऊक असतें : मंगळाच्या आंगठींतलें, किंवा वैद्याच्या पुडींतल्या भस्मांतलें. वाळलेल्या अमरकोशांत आम्हीं पुन्हां काढून पाहिलें. शंख-शिंपले वारिवर्गांत आहेत, पण विद्रुम व प्रवाळ हे शब्द मोत्यांमाणकांबरोबर वैश्यवर्गांत आहेत. व्यापाऱ्याच्या पेटींतलें रत्न म्हणूनच त्याची ओळख. तो प्राणी आहे असें अठराव्या शतकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें दाखविलें, तेव्हां तेथल्या पंडितांनींही तें प्रथम मानलें नाहीं. अंगठींतलें तांबडें पोवळें निराळ्या जातीचें. समुद्रांत खडक रचणारीं प्रवाळें निराळीं. त्यांचें पिलूं सुरुवातीला पाण्यांत तरंगतें, मग एके ठिकाणीं टेकतें, आणि टेकलें कीं बुडाशीं चुन्याची बैठक घालून जन्मभर तेथेंच राहतें. स्थैर्य हेंच त्याचें जीवित.

अमेरिकेंत असलेल्या आमच्या पुतण्याच्या मुलाकडे तशी टाकी आहे. त्यानें दूरध्वनीच्या पडद्यावर आम्हांस तीं प्रवाळें बसविण्याची रीत दाखविली. तिकडे टाक्यांतच वाढविलेल्या प्रवाळांचे लहान तुकडे मिळतात. तुकड्याच्या बुडाला जाड सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थेंब, त्यावर इपॉक्सीची गोळी, तिच्यावर पुन्हां थेंब, असा थर देऊन तो खडकाच्या खांचेंत दाबून धरतात. नुसता गोंद ओल्या खडकावर नीट धरत नाहीं, नुसती लांबीही धरत नाहीं. दोहोंचा थर धरतो. तुकडा डुलत राहिला तर त्याचें मांस घांसून झिजतें. स्थिर राहिला तर कांहीं आठवड्यांत तो स्वतःच गोंदावरून पसरत खडकाला धरतो, आणि मनुष्याची जोडणी दिसेनाशी होते. दोन प्रवाळांत वीतभर अंतर राखावें लागतें, कारण रात्रीं त्यांच्या लांब सोंडा शेजाऱ्याला डसतात. एकत्र कुटुंबांतही प्रत्येकाला थोडी स्वतंत्र जागा लागते, असें सूनबाई हें ऐकून म्हणाल्या. आम्हीं त्यावर भाष्य केलें नाहीं.

थोड्या दिवसांनीं एका शहरांतल्या विक्रेत्यानें नातवाला जिवंत प्रवाळ पाठवितों म्हणून कळविलें. “कोणाला कळतें?” असेंही तो म्हणाला. नातू आमच्याकडे आला. पूर्वीं आम्हीं तात्काळ निवाडा दिला असता. ह्या वेळीं म्हटलें, “आम्हांस ठाऊक नाहीं, दोघे मिळून पाहूं.” पाहिलें तों वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ह्याच्या पहिल्या अनुसूचींत खडक रचणारीं सर्व प्रवाळें आहेत, वाघाला जें संरक्षण तेंच त्यांना. शिवाय त्या जीवांस २४ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहून त्यांना अन्न पुरवितें. पाणी तापलें कीं तो ऋणानुबंध तुटतो व प्रवाळ पांढरें पडतें. परभणीच्या वैशाखांत, वीज गेलेल्या दुपारीं, आमचे दोन पंखे त्याला काय पुरणार? नातवानें विक्रेत्याला नकार कळविला. त्याचा चेहरा उतरला होता, हें खोटें कशाला सांगावें?

त्याचें मन रमावें म्हणून आम्हीं दोघांनीं आपल्या किनाऱ्यावरची हकीगत शोधून वाचली. इ. स. २०२० च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामाआड येणाऱ्या वरळी व हाजीअली येथील १८ प्रवाळवसाहती, रीतसर परवानगी घेऊन व राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखालीं, कुलाब्याच्या बाजूला नेऊन बसविण्यांत आल्या. मालवणास सागरी अभयारण्य इ. स. १९८७ पासून आहे. तेथें सिंधुदुर्गाच्या परिसरांत सिमेंटच्या चौकटींवर प्रवाळांचे तुकडे बांधून ते वाढविण्याचा प्रयोग झाला. त्याच सिंधुदुर्गाची बांधणी शिवाजी महाराजांनीं इ. स. १६६४ मध्यें आरंभिली, आणि पायाचे दगड शिसें ओतून बसविले असें सांगतात. समुद्रांत दगड बसविण्याची चिंता आपल्या पूर्वजांनाही होती तर! नातवानें लगेच सांगितलें, “आजोबा, शिसें टाकींत चालणार नाहीं.” येत्या दिवाळीच्या सुटींत त्याला मालवणास नेण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.

टाकींतले ते दोन कट्टे रिकामेच आहेत. विदूषकमाशांची जोडी रात्रीं त्यांपैकीं डावीकडच्यावर येऊन निजते. गोबी मासा पुन्हां आणलेला नाहीं. पाहुणे आले कीं रचना कोणाची असें विचारतात, आणि आम्ही नातवाकडे बोट दाखवितों. फरशीवर खडूची रेघ आम्हीं आंखली होती, एवढें मात्र सांगितल्यावांचून अजून राहवत नाहीं.